सात पाट्या माती

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर वाण्याची यादी आणि माहेरी वर्षाकाठी एखादं कार्ड, एवढंच लिहिणं झालं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून धड कळत नाही. ही वही मुलीची आहे. तिचा अभ्यास संपून मागची पानं कोरी राहिली, त्यांवर लिहिते आहे. कधी कुणाच्या हाती पडली तर चुकांकडे पाहू नये.

मी मुळात कमी बोलते. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा आवळतो. लाजाळू आहे, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणत आले. पण एके दिवशी मी गप्प राहिले ते लाजेनं की आणखी कशानं, हे मला कुणीच विचारलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही तेव्हा बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे गुळाच्या आडतीवर काट्यापाशी कामाला होते. दोन खोल्यांत सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची तीन पोरं, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. रात्री कुणाला उठायचं झालं तर चौघांना ओलांडून जावं लागे. त्याचं मला फार वाटत नव्हतं. मला वाटायचं ते आबांचं.

आबा म्हणजे माझे वडील. माहेर इंदापूर तालुक्यात. आबा विहिरी खोदायचे. जन्मभर तेच केलं. एका विहिरीत सुरुंग उशिरा उडाला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही. आबा चुलतभावाच्या पडवीत राहायचे, घायपाताचे दोर वळायचे, आणि त्या घरची बाई वाढील ते खायचे. मी भेटायला गेले की त्यांच्या अंगरख्याला बटणं नसायची. दर खेपेला मी बटणं लावायची आणि पुढच्या खेपेला ती नसायची.

मी यांना एकदा विचारलं होतं, आबांना इथं आणायचं का. हे वाईट नव्हते. म्हणाले, "आगं, आणायला काय, पण ठिवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?" खरंच होतं. आणि आबाही आले नसते. जावयाच्या दारात पडून राहायचं म्हणजे त्यांना मरण वाटायचं. ते म्हणायचे, "येगळं दार आसंल, माझा मी आत-बाहेर करीन, तर बघू."

अशात सोसायटी निघाली. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. इंदापूरच्या रस्त्याला, कालव्याच्या खालच्या अंगाला एक पड जमीन होती. तिथं नवी वसाहत करायची, बावीस घरं, रुंद रस्ते, मधे मारुतीचं देऊळ, पुढं शाळा. सरकार सोसायटीला कर्ज देणार आणि सभासदांनी ते सहामाही हप्त्यानं फेडायचं. यांनी नाव घातलं. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. आम्हाला बाभळीजवळची कडेची जागा आली. कडेची म्हणून दोन हात रुंदी जास्त होती. हे घरी आले, चुलीपुढं बसले आणि कोळशानं फरशीवर घर काढून दाखवलं. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकाची खोली, आणि ओसरीच्या टोकाला एक लहान खोली. तिला बाहेरून दार.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुझ्या बापाची. येगळं दार पायजे ना त्येस्नी?"

मी उठून पाणी आणायला गेले. रडू आलेलं यांना दिसू नये म्हणून.

पण कर्ज मंजूर होण्याआधी सरकारचा माणूस येऊन जमीन बघून जाणार होता. बावीस घरांची वसाहत उठवायची तर भुई ती पेलेल का, हे पुण्याचे एक साहेब तपासणार. भुई खचेल का, पाणी वर येईल का, धरणीकंप होतो का, असं सगळं. आमचे चेअरमन म्हणजे जुन्या पेठेतले भांड्यांचे दुकानदार. त्यांना धास्ती होती ती धरणीकंपाची. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना, तात्यांना, लहानपणची एक आठवण सांगायची खोड होती. भुई हलली आणि घरातली उतरंड खडखडली ती आठवण. चेअरमन त्यांना रोज बजावायचे, "तात्या, साहेबापुढं त्यो हादरा काढू नगासा. एका उतरंडीपायी बावीस घरं जात्याली."

भेगांबद्दल कुणी काही बोललं नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात यात सांगण्यासारखं काय? सगळ्या रानांना पडतात. उन्हात माणसाला घाम येतो तसं ते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी चेअरमनच्या बायकोनं सगळ्या बायकांना बोलावलं. तिला आम्ही काकी म्हणायचो. बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. ती म्हणाली, "उद्या पुण्याचा पावना यायचाय. त्यो काय ह्या फुटक्या भुईवर हुबा ऱ्हानार व्हय? आपापली जागा बुजवा, सारवा, वर सडा घाला. जिच्या जागंत पाय मुरगळंल तिचं घर रद्द!"

आम्ही हसलो. कुणाच्याही मनात काळं नव्हतं. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर बायका काय करतात? अंगण सारवतात. आम्ही सगळ्या पाट्या, खुरपी आणि शेणाच्या बादल्या घेऊन गेलो. वैशाखाचं ऊन होतं. काहींच्या जागेत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. माझ्या जागेत, बाभळीपासून निघून आबांच्या खोलीच्या जागेवरून गेलेली एक भेग होती. तिच्यात माझा पाय घोट्यापर्यंत आडवा मावत होता. मी एक पाटी माती ओतली. आवाज आला नाही. दुसरी ओतली. तिसरीला मी वाकून हात घातला. खांद्यापर्यंत हात गेला आणि बोटांना काही लागलं नाही. आतून गार हवा येत होती. हात काढताना हिरवी बांगडी दगडाला लागून फुटली आणि तिचे तुकडे आत गेले. तेही पडल्याचं ऐकू आलं नाही.

सात पाट्या माती लागली. सातव्या पाटीला भेग तोंडाशी आली. मी ती पायानं दाबली, वर शेणकाला फिरवला. काकी येऊन बघून गेली. "लई ग्वाड सारवलंस," म्हणाली. तिनं आणलेल्या पिठानं मी कोपऱ्यात चार रेघांची रांगोळी काढली.

हात धुताना मला आबांचं आठवलं. मी लहान असताना त्यांच्याबरोबर विहिरीवर जायची. नवी विहीर बांधायची झाली की आबा उन्हाळ्यात तिथल्या भेगेत काठी घालून बघायचे. म्हणायचे, "जिथवर भेग, तिथवर भुई जित्ती. जित्ती भुई कूस बदलती. तिच्यावर दगुड ठिवायचा न्हाय. तिच्या खाली जायाचं आन् तिथनं बांधकाम उचलायचं." हे मला आठवलं. नाही आठवलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, सावळे, डोक्यावर हॅट, खांद्याला कापडी पिशवी. जमिनीवर पाय ठेवला आणि थांबले. सगळीकडे सारवलेलं, सडा पडलेला, कोपऱ्याकोपऱ्यात रांगोळ्या. ते हसले. "अहो, हे काय? मी जमीन बघायला आलोय, मुलगी बघायला नाही."

पुरुष मोठ्यानं हसले. चेअरमन म्हणाले, "साहेब, बायकांची हौस हाय."

तीन ठिकाणी छातीइतके खड्डे खोदून ठेवले होते. साहेब स्वतः आत उतरले. काळी माती कुठं संपते, मुरूम कुठं लागतो ते टेपनं मोजलं, माती चिमटीत घेऊन चोळली, ओली करून वळी केली, पिशव्या भरून चिठ्ठ्या लावल्या. मग सगळ्यांना बाभळीच्या सावलीत बसवून विचारायला लागले.

"हा सगळा कातळाचा मुलूख. इथं धरणीकंपाचं भय नाही असंच सगळे धरून चालतात. पण विचारल्याशिवाय मी लिहीत नाही. कुणाला हादरा आठवतो का?"

चेअरमन तात्यांकडे बघत होते. तात्या जमिनीकडे बघत होते. आणि तात्यांना राहवलं नाही. "येकदा हलली व्हती. मी तवा बारका. उतरंड अशी खडाखडा..."

"तात्या, ती मांजर आसंल," चेअरमन म्हणाले.

"मांजरानं वाडा हलतो व्हय रं? तुझी आय पाळण्याला धरून बसली व्हती!"

"तुमी बारकं, आन् माझी आय तवा तुमच्या घरात? मग लगीन पाळण्यातच लागलं म्हना की!"

हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांनी तात्यांना जवळ बसवून घेतलं आणि सगळं लिहून घेतलं. कोणती भिंत हलली, किती वेळ, कुणाचं घर पडलं का. मग म्हणाले, "घाबरू नका. यानं काही अडत नाही. भिंतीत लाकडाची पट्टी घालायला सांगेन, म्हणजे हादरा बसला तरी भिंत बांधलेली राहील."

सगळ्यांनी श्वास सोडला. तेव्हाच साहेब म्हणाले, "मला काळजी आहे ती या काळ्या मातीची. ही पावसात फुगते, उन्हात आकसते. भेगा किती खोल जातात त्यावर पाया किती खोल घ्यायचा ते ठरतं. भेगा हातभर असतील तर अडीच हात पाया पुरे. पुरुषभर असतील तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल. आणि तेवढ्या खर्चाला हे कर्ज पुरणार नाही, हेही मी लिहीन."

कुणी हसलं नाही. आदल्या दिवशी आम्ही काय केलं ते आम्हाला त्या क्षणी कळलं. तोवर ते नुसतं सारवण होतं.

साहेब उठले आणि फिरत फिरत आमच्या जागेवर आले. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. माझं सारवण इतरांपेक्षा रुंद आणि ओलं होतं. त्यांनी हातातली काठी टेकली. ती वीतभर आत गेली.

"ही जागा कुणाची? कुणी सारवली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडावर ओढला.

"बाई, इथं भेग होती ना? किती खोल होती?"

काकी पुढं झाली. "साहेब, ती न्हाय बोलायची. नवऱ्याशी बी खुणंनंच बोलती. व्हती की भेग, पर उथळ व्हती. समद्या उथळच हायती."

"मी यांना विचारतोय," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. माझ्या आबांसारखं शांतपणे विचारलं. "बोलू नका, हातानं दाखवा. हात किती जात होता?"

समोर हे उभे होते. आडतीवरून खाडा करून आले होते. त्यांच्या सदऱ्यावर गुळाचे डाग होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या लहान खोलीच्या जागेकडे बघत होते.

मी डावा हात पुढं केला आणि उजव्या हातानं कोपरावर खूण केली. इथपर्यंत.

तोंडातून मी शब्दही काढला नाही. पण खोटं बोलायला तोंड लागत नाही.

साहेबांनी माझ्या हाताकडे जरा वेळ बघितलं. मनगटावर फुटक्या बांगडीचा ओरखडा होता. मग वहीत लिहिलं. त्यांना त्याच दिवशी पुण्याला परत जायचं होतं, एस.टी.ची वेळ होत आली होती. जाताना ते काकीला म्हणाले, "पुढच्या वेळी सारवू नका. जमीन आहे तशी बघू द्या."

दोन महिन्यांनी कागद आला. चेअरमननी तो सभेत वाचून मराठीत सांगितला. जागा वसाहतीस योग्य, अडीच हात पाया, हादऱ्यासाठी लाकडी पट्टी. आणि एक वाक्य असं होतं, की भेगा उथळ असल्याचे तेथील स्त्रियांच्या सांगण्यावरून समजते. यांनी ते मला घरी येऊन सांगितलं. हसत म्हणाले, "सरकारी कागदात आलीस की तू."

दिवाळीनंतर पाये खोदले. पावसानं भुई मिटली होती, एकही भेग दिसत नव्हती. गवंड्यांनी अडीच हात खोदलं, दगड भरले. भिंतीत पट्टी घातली. गुढीपाडव्याला आम्ही राहायला गेलो आणि अक्षय तृतीयेला हे स्वतः जाऊन आबांना घेऊन आले.

आबा हातात काठी, काखेत घायपाताचा भारा घेऊन एस.टी.तून उतरले. खोलीचं दार हातानं चाचपलं. कडी लावून बघितली, काढून बघितली. तीनदा. "माझं दार," म्हणाले. तो दिवस चांगला होता. मी त्यांच्या अंगरख्याला बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराबाहेर उकिडवे बसले होते. त्यांनी मूठभर माती उचलली, चुरली, नाकाशी नेली, जिभेला लावली. मग भिंतीच्या कडेनं हात फिरवत गेले आणि एके ठिकाणी थांबले. तिथं बोट जाईल एवढी भेग उघडली होती. काठी फिरवून घातली. काठी मधेच अडकली, कारण खाली माझी सात पाट्या माती होती.

"पाया किती घेतला गं?"

"अडीच हात."

आबांनी काठी ओढून काढली आणि टोकाची माती बोटांनी पुसली. "ज्यानं भुई बघितली त्येला भेगा दाखवल्या न्हाईत व्हय?"

"तो आला तवा सारवलं होतं, आबा. पाहुणा येणार म्हणून."

"आसं व्हय." ते हळूच हसले. "बायकांचं बी बरुबर हाय. सारवनारीला काय ठावं."

सारवणारी मी होते आणि मला ठाऊक होतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. आबांसमोर तरी मला लाज नव्हती. पण मी चुलीवर दूध आहे असं म्हणून आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

त्या पावसाळ्यात भुई फुगली. आधी फरशी मधोमध वर आली. मग चौकटी दबल्या. स्वयंपाकघराचं दार लागेना, आबांचं दार उघडेना. यांनी पटाशीनं ते तासलं. दिवाळीनंतर भुई आकसली तशी तेच दार इतकं सैल झालं की मांजर खालून यायला लागलं. भिंतीला कोपऱ्यात चीर पडली. आबा रोज सकाळी तिच्यात बोट घालायचे. पहिल्यांदा नख जायचं. संक्रांतीला एक बोट. होळीला दोन. त्यांना दिसत नव्हतं, पण त्या घरात काय चाललंय ते आबांच्याच बोटांना सगळ्यांत आधी कळत होतं. यांनी चुन्यानं चीर भरली. आबा म्हणाले, "नगा भरू जावईबापू. भरल्यानं भित्त जुळत न्हाय. नुसतं दिसत न्हाय."

एकट्या आमच्याच घराचं असं नव्हतं. ज्या जागा मुरमावर आल्या त्यांना काही झालं नाही. काळीवरची तेरा घरं फाटली. चेअरमनचंही फाटलं. काकी आता हसत नसे. माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल एकमेकींशी कधीच काही बोललो नाही.

दुसऱ्या वैशाखात चेअरमननी लिहून साहेबांना परत बोलावलं. कुणी सारवलं नाही. साहेब आले ते सरळ आमच्या घरामागं, बाभळीपाशी. भेग पुन्हा उघडली होती, माझ्या मातीच्या कडेनं, दोन्ही बाजूंनी. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि दोरी सोडायला लागले. दोरी जात राहिली. त्यांच्या कमरेइतकी गेली, छातीइतकी गेली, डोक्याइतकी गेली तरी जात होती. मग ती ढिली पडली. त्यांनी तिथं गाठ मारली आणि दोरी वर ओढून जमिनीवर पसरली. ते स्वतः पावणेसहा फूट होते. दोरी त्यांच्याहून लांब होती.

ते वळले. मी दारात उभी होते. त्यांनी मला ओळखलं.

"बाई, तुम्ही त्या दिवशी..." एवढंच म्हणाले. मी कोपराला पदर लपेटून घेतला. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दोरी बोटांवर गुंडाळत राहिले.

मग सभेत ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी ऐकीव गोष्टीवर विसंबलो. सारवलेलं खणून बघायला हवं होतं. मी तसं वर लिहिणार आहे."

बावीस घरची माणसं बसली होती, त्यांत बायका होत्या, मी होते. एका परक्या माणसानं आमची चूक आमच्यासमोर स्वतःच्या अंगावर घेतली आणि आम्ही ती घेऊ दिली. नंतर त्यांचं काय झालं मला माहीत नाही. तसं लिहिल्यावर त्यांना काही झालं असेल का, हा विचार येतो.

काळीवरची घरं राहण्यालायक नाहीत, पावसाआधी सोडावीत, असा कागद आला. कर्जाबद्दल त्यात काही नव्हतं. चेअरमन पुण्याला दोनदा जाऊन आले. कर्ज घरावर दिलेलं नाही, सभासदाला दिलेलं आहे, असं तिथं सांगितलं. घर असो नसो.

ज्येष्ठात आबांच्या खोलीची भिंत घरापासून सुटली. फटीतून आभाळ दिसायला लागलं. आबांना ते दिसत नव्हतं, पण पहाटे त्यांच्या तोंडावर वारा आला आणि त्यांनी आपला भारा बांधून ठेवला. आम्ही परत त्या दोन खोल्यांत जाणार होतो. दिरानं दार उघडं ठेवलं होतं, पण तिथं आबांना जागा नव्हती, आणि असती तरी ते आले नसते.

एस.टी.त बसवायला मीही गेले. मी म्हणाले, "आबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू मला दार दिलंस. वरीसभर माझं मी आत-बाहेर केलं."

"आबा, ती भेग..."

"भेग भुईची हाय, पोरी." कंडक्टरनं घंटी दिली. मी खाली उतरले. पुरं वाक्य मी तेव्हाही बोलले नाही.

भाद्रपदात कार्ड आलं. मी पोचले तोवर सगळं झालं होतं. चुलत्यांनी त्यांचा अंगरखा आणि एक अर्धा वळलेला दोर मला दिला. अंगरख्याची बटणं सगळी जागेवर होती. मीच लावलेली. त्या खेपेला ती तुटली नव्हती.

आम्ही घर उतरवलं. वासे विकले, कौलं विकली. भिंतीतली लाकडी पट्टी अगदी धड निघाली, एक खिळाही हलला नव्हता. हादऱ्यासाठी घातली होती, हादरा कधी आलाच नाही. ते सगळं पहिल्या दोन हप्त्यांत गेलं. पुढचे हप्ते यांच्या पगारातून, आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला जायला लागले त्यातून. सूर्योदयाला बसायचं, अंगठ्याची कातडी जाईपर्यंत फोडायच्या. तिथं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम जमलं. इतर बायका गाणी म्हणायच्या. मी फोडायची.

एकदा हप्ता भरून येताना हे तिकडून आले. म्हणाले, "आपल्या जागंत हरभरा लावलाय कुणीतरी. लई झ्याक आलाय." काळी माती. तिच्यात हरभरा चांगलाच येणार. ती त्याच कामाची होती.

हप्ते रुपये-आण्यांत सुरू झाले. मधे नवे पैसे आले आणि हिशेब बदलला. यांचे केस पांढरे झाले. मुलगी सातवीत गेली. यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं का? ते माझ्याबरोबर तिथं उभे होते. माझा हात कोपरावर गेला तेव्हा त्यांनी पाहिला नसेल असं मला वाटत नाही. एका घरात दोघं इतकी वर्षं एकाच गोष्टीवर गप्प राहू शकतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

आणि मी गप्प का राहिले? लाजेनं असं म्हटलं की सगळं मिटतं. लोक तेच म्हणतील. पण आबांना वेगळं दार हवं होतं, आणि ते दार त्या साहेबाच्या वहीत होतं. मी लाजेच्या आड उभी राहून ते घेतलं. लाज नसती तर मला दुसरं काहीतरी सापडलं असतं.

गेल्या शनिवारी हे लवकर घरी आले. टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले, आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढं धरला. शेवटच्या हप्त्याची पावती होती. खाली सोसायटीचा जांभळा शिक्का आणि त्यावर शाईनं लिहिलेलं, संपूर्ण फेड झाली, येणे बाकी काही नाही. मला वाचता येतं म्हणून मी वाचलं. मग यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि सदरा काढून ठेवला. मी पावतीची घडी केली आणि आबांच्या अर्ध्या दोराखाली डब्यात ठेवली. सगळे पैसे फिटले.